टाचेवरचा कंगवा

तारवालीचा हात तिच्या डोक्याच्या आधी चालतो, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. लहानपणी या हाताचं कौतुक झालं. तरुणपणी त्याच हातानं दोन नोकऱ्या घालवल्या, त्यातली एक मुकादमाच्या कानाखाली. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका मंगळवारी, काम सुटायला दहा मिनिटं उरली असताना, त्याच हातानं बावीस घरांवर नांगर फिरवायची वेळ आणली.

केलं काय, तर खड्ड्याच्या कडेतून तंबाखूच्या मातीच्या पाइपचं तोंड बाहेर डोकावत होतं, ते तिनं उपटलं. बस. एवढंच.

एवढ्यानं आभाळ कसं कोसळलं ते कळायला आधी गल्ली बघायला हवी. बावीस खोल्या, एका ओळीत, सगळ्यांच्या पाठी कारखान्याच्या भिंतीला टेकलेल्या. भिंत काळ्या विटांची, दोन पुरुष उंच. तिच्यावर साल कोरलेला दगड आहे, त्यामुळे भिंतीचं वय सगळ्यांना पाठ: एकशे बारा वर्षं. कारखाना मरून वीस वर्षं झाली होती, पण त्याची जमीन चांगली जिवंत होती, आणि आता तिथं मोठ्या इमारती उठायच्या होत्या. मालकांचं म्हणणं असं की भिंत आधी आमची, मग ही माणसं आली आणि आमच्या भिंतीला खोल्या चिकटवून बसली. गल्ली म्हणत होती, आम्ही आधीच होतो, भिंत येऊन आमच्या उरावर बसली. वस्ती भिंतीच्या आधीची ठरली तर नव्या इमारतीत त्याच जागी खोली. नंतरची ठरली तर सामान ट्रकमध्ये टाकायचं आणि चालू लागायचं.

पुरावा काय? कागद आणा, म्हणाली कचेरी. ज्यांच्या नावावर कधी काही झालंच नाही त्यांच्याकडेच कागद मागायचा, ही कचेरीची जुनी खोड. गल्लीनं तीन वर्षं धरणं धरलं, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठं एका अधिकाऱ्याला सुचलं की जमिनीलाच विचारून बघू. म्हणून खणायचं ठरलं. खणणारी माणसं आली, नळाजवळच्या मोकळ्या जागेत, अगदी भिंतीला लागून, चौकोनी खड्डा पडला. अहवाल शुक्रवारपर्यंत द्यायचा होता.

खणणाऱ्यांची प्रमुख तिशीची एक बाई. उन्हानं रापलेली, चष्म्याला दोरी, बोलणं मोजकं. सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि ती तारवालीला मावशी म्हणायची. कारण तारवाली काही या गल्लीत पहिल्यांदा चाळण हातात धरत नव्हती. गेली दहा वर्षं ती अशाच खड्ड्यांवर कामाला होती. तीन बांबूंच्या तिकाटण्याला चाळण टांगायची, पाटीभर माती ओतायची, झुलवायची, आणि जे वर राहील त्यातून माणूस वेचायचा. बटण, सुई, हाड, काच. आणि सगळ्यांत जास्त, मातीच्या पाइपचे पांढरे तुकडे.

"मावशी, भांडी श्रीमंतांकडंही सापडतात," मॅडमनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना समजावलं होतं. "पण हे पाइप स्वस्त. आठ-पंधरा दिवसांत मोडायचे, आणि मोडला की माणूस असेल तिथंच टाकायचा. त्यामुळे तुकडे जिथं, माणूस तिथं. या कामगारांच्या सह्याच समजा."

"सह्या कुठल्या मॅडम," तारवाली म्हणाली, "अंगठे म्हणा."

पाइपबद्दल तिला शिकवायची गरज नव्हती. तिला तारवाली हे नाव पडलं तेच पाइपमुळं. नवव्या वर्षी आत्यानं तिला पाइपच्या शेडमध्ये नेऊन बसवलं होतं. लांब टेबलाभोवती अकरा बायका. कुणी पांढरी माती वळून शेंगेसारखी लांब करायची, एका टोकाला गोळा ठेवायचा. ती शेंग एक रात्र सुकली की मुलीचं काम सुरू. बारीक तार घ्यायची, टोकाला तेल लावायचं आणि शेंगेच्या एका तोंडातून घालून अशी सरकवायची की ती थेट गोळ्यापर्यंत जावी, बाजूनं बाहेर येऊ नये. मग तारेसकट लोखंडी साच्यात दाबायचं, गोळ्यात तंबाखूचा पेला पाडायचा, बाहेर काढून साच्याच्या सांध्याची शिवण तासायची. तार बाजूनं बाहेर आली की आत्या तीच तार बोटांवर मारायची.

"दांडीच्या आत डोळा जातो का? नाही ना? मग बोटानं बघ!"

हातात पाइप आला की अंगठा शिवणीवरून फिरवायचा, मग पेल्याच्या बुडावरून, मग पुसायचा, मग उजेडाकडं धरायचा. हे तिला इतकं घोटून शिकवलं होतं की झोपेतही अंगठा हलायचा. सगळ्या पाइपांवर शेडची खूण असायची, दहा दातांचा इवलासा कंगवा. तिच्या वेळी तो पेल्यावर उठवत. पण भिंतीवरच्या खिळ्याला काही गंजके साचे लटकलेले होते, त्यात पेल्याखाली रुंद टाच होती आणि कंगवा त्या टाचेवर होता. "हे माझ्या सासूच्याही सासूचे," आत्या म्हणायची. "आता टाच कुणाला नको."

आता पाइपच कुणाला नको, असे दिवस लवकरच आले. ओढणारे म्हातारे मेले, राहिलेले सिगारेटीवर गेले. शेवटच्या दोन वर्षांत शेडमधले सगळे पाइप नेमबाजीच्या खेळाला जायचे. दोरीला टांगायचे आणि छऱ्यानं उडवायचे. तरी आत्या शिवण तासायची सोडत नव्हती. बायका हसायच्या, "अगं, फुटायलाच चाललाय तो!" तर म्हणायची, "फुटू दे. पण माझ्या हातून वाकडा गेला असं म्हणायचं नाही कुणी." तारवाली चौदा वर्षांची असताना शेडला कुलूप लागलं. मग सूतगिरणी, मग कपड्यांची धुलाई, मग लग्न, मग लग्नातून मोकळीक (नवरा दम्यानं गेला), आणि शेवटी चाळण.

टाचेवरच्या कंगव्याची गोष्ट तिनं पहिल्याच आठवड्यात मॅडमला सांगितली होती. मॅडमनं जुन्या नोंदी काढून पाहिल्या, आणि परत आली ती हसत. "मावशी, तुमची आत्या बरोबर. टाचेवर कंगवा असलेले पाइप भिंतीच्या पन्नास वर्षं आधीच बंद झालेत. तो एक जरी आपल्याला भिंतीच्या पायाखाली सापडला, त्याच्या जागेवर, तर मी डोळे मिटून सही करते."

'त्याच्या जागेवर' हे तीन वेळा सांगितलं होतं. कडेत काही दिसलं तर हात लावायचा नाही. आधी चिठ्ठी, मग मोजमाप, मग फोटो, मग हात. कारण वस्तूला किंमत तिच्या जागेमुळं. कुठल्या थरात, पायाच्या वर की खाली, हे गेलं की राहतो तो नुसता मातीचा तुकडा. असे तुकडे तर तारवालीच्या घरात बिस्किटाच्या डब्यात भरून होते, गल्लीत वर्षानुवर्षं सापडलेले. त्यांचा उपयोग शून्य.

आणि त्या मंगळवारी मॅडम कॅमेऱ्याची बॅटरी आणायला गल्लीच्या तोंडाशी गेली. खड्ड्यात तारवाली एकटी, बादली भरत होती. उतरतं ऊन कडेवर पडलं, आणि पायाच्या सगळ्यांत खालच्या दगडाखाली, चांगलं वीतभर खाली, तिला एक गोल कड दिसली. हात गेला. अंगठा शिवणीवरून फिरला, टाचेवरून फिरला, पुसलं, उजेडाकडं धरलं.

दहा दातांचा कंगवा. टाचेवर.

तेव्हा कुठं डोकं हाताच्या मागून धावत आलं. कडेत एक रिकामं भोक होतं. हातात पाइप होता, धुतल्या दातासारखा पांढरा. वर मॅडमची चाहूल लागली आणि तारवालीनं पाइप एप्रनच्या खिशात टाकला.

संध्याकाळी नळावर तिनं दिराला सांगितलं. दीर गवंडी, गल्लीच्या समितीचा म्होरक्या, आवाज असा की कुजबुजला तरी चार घरांत ऐकू जाई.

"वहिनी," तो म्हणाला, "काय केलंत हे? देव देतो आणि तुम्ही उपटून काढता?"

"ओरडू नका भावोजी."

"ओरडू नको? बावीस घरं आहेत! माझी भिंत आहे, तुमची आहे..." मग थांबला. हुशार माणूस, त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "भोक आहे ना अजून तिथं?"

"आहे."

"मग घाला परत. सकाळी लवकर जा, घाला, थोडी माती लावा. मॅडम येईल, बघेल, फोटो काढेल. संपला विषय."

"खोटं होईल ते."

"खोटं? अहो, तो तिथलाच आहे ना? तुम्ही काय बाजारातून आणलाय? माणूस घराबाहेर जाऊन परत घरात आला तर खोटा होतो का?"

शेजारचा इस्त्रीवाला बादली भरत होता, तो मध्येच म्हणाला, "मावशी, मला काय कळत नाही बुवा खड्ड्यातलं. पण माझी बायको आठ महिन्यांची आहे. ट्रकमध्ये कुठं बाळंत करू?" आणि बादली उचलून चालता झाला. दिराच्या आरडाओरड्यापेक्षा हे जास्त लागलं.

घरी लेक शिवणयंत्रावर वाकली होती. तिचं काम शर्टाच्या कॉलरचं, गठ्ठ्यानं येणारं. यंत्र खिडकीशी, कारण खोलीत उजेड फक्त तिथंच. दोन्ही हात कापडात, म्हणून धागा दातांनी तोडायची. समोरच्या दाताला त्यानं खाच पडली होती. तारवालीनं सगळं सांगितलं. लेकीनं यंत्र थांबवलं नाही.

"घाल ना मग परत," ती म्हणाली. "तुला कशाचा एवढा तोरा? मॅडमची मर्जी जाईल याचा?"

"तोरा नाही गं."

"तोराच आहे. दहा वर्षं चाळण धरलीस तर स्वतःला मॅडम समजायला लागलीस."

बुधवारी सकाळी कुणी यायच्या आत तारवाली खड्ड्यात उतरली. खरं सांगायचं तर घालायच्या विचारानंच उतरली. पाइप भोकाशी नेला. पण रात्रीत माती सुकून भोकाची कड ढासळली होती, आणि पाइप त्या काळ्या मातीत इतका पांढरा दिसत होता की आंधळ्यालाही शंका यावी. तिनं चिखल कालवला. पाइपला माखला. टाचेवरचा कंगवा चिखलानं बुजला आणि तिचा हात थांबला.

त्या थांबण्याला लोकांनी पुढं प्रामाणिकपणा वगैरे मोठी नावं दिली. तसं काही नव्हतं. एक तर तिला आत्या आठवली. शेडमधल्या एकीनं तडा गेलेला पाइप मेणानं बुजवून ढिगात सरकवला होता, तेव्हा आत्यानं तो सगळ्यांसमोर टेबलावर आपटून फोडला होता. आणि दुसरं, तारवालीनं रस्त्यावर तीन वर्षं मोर्चे काढले होते, समोरचा कसा विचार करतो ते तिला चांगलं कळत होतं. कारखान्याचा एक माणूस रोज खड्ड्यावर येऊन उभा राहायचा. पायात चकचकीत बूट, म्हणून गल्लीनं त्याला बूटसाहेब केलं होतं. त्याला हे भोक आणि हा चिखल दिसला तर तो एका पाइपवर थांबणार नव्हता. दोन महिन्यांत निघालेलं सगळंच पेरलेलं ठरवणार होता. एक खोटा दात निघाला की सगळी कवळी म्हणणार.

चिखलाचे हात घेऊन ती तशीच बसून राहिली. मॅडम आली तेव्हाही.

"मॅडम, माझ्या हातून घाण झाली."

तिनं सांगितलं. मॅडमनं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जी भडकली! "दहा वर्षं मावशी! नव्या पोरीनं केलं असतं तर मी समजले असते. तुम्ही? तुम्हाला मी एकटीला सोडते खड्ड्यात, ते कशाच्या भरवशावर?"

तारवालीला असं कुणी बोललं की एरवी ती दुप्पट बोलायची. आज नुसती हातावरचा चिखल खरवडत बसली. मॅडमचा आवाज उतरला. ती भोकाकडं बघत होती.

"मला सांगायला नको होतं तुम्ही," ती हळूच म्हणाली. "सांगितलं नसतंत, तर मी विचारलंही नसतं."

मग तिनं नोंदवही काढली आणि लिहिलं. तारवालीला वाचून दाखवलं. कामगार बाईनं पाइप कडेतून स्वतः काढला, असं तिनं स्वतःहून सांगितलं, भोक ढासळलेलं, पाइप पुसलेला, नंतर चिखलानं माखलेला, जागा अनिश्चित. खाली तारवालीची सही, तारीख, वेळ. पाइप पिशवीत गेला, आणि पिशवी सुट्या मातीतल्या तुकड्यांच्या खोक्यात.

"दुसरीकडं खणता येईल?" तारवालीनं विचारलं.

"कुठं? इकडं गटार, तिकडं नळाची लाइन. भिंतीपलीकडं त्यांची जमीन, परवानगी नाही. भिंतीला लागून उरल्या फक्त खोल्या, आणि लोकांच्या घरात मी घुसत नाही."

तारवाली उठली. हात एप्रनला पुसले. "माझी खोली भिंतीलाच आहे. खिडकीखाली खणा. या वेळी मी हात लावणार नाही. बाहेर चाळणीवर बसते."

दिराला बोलवावं लागलं, कारण त्या खोलीतली फरशी त्यानंच बसवली होती, गेल्याच वर्षी, भाऊ गेल्यापासून वहिनीसाठी केलेलं एकमेव काम. तो छिन्नी-हातोडा घेऊन आला, दारात उभा राहिला.

"तुम्हाला वेड लागलंय वहिनी. घर वाचवायला घर खणायचं?"

"तुमची खणू का मग?"

"माझ्या घरात आई झोपलीय."

"मग खणा इथं. आणि सांभाळून काढा, परत बसवायचीय."

"माझी फरशी निघत नाही अशी सहज," तो फणकारला, आणि खरंच निघेना. घामाघूम झाला. लेकीनं यंत्र ओट्यावर नेलं, कॉलरचे गठ्ठे खाटेवर रचले आणि आईशी बोलणं टाकलं. "पाठवायचेत उद्या," एवढंच म्हणाली, भिंतीला.

बूटसाहेब दारात उभा राहून सगळं मोबाइलवर टिपत होता.

बुधवारची दुपार आणि अख्खा गुरुवार. आत मॅडम आणि तिचे दोन खणणारे, बाहेर तारवाली. पाटी बाहेर यायची, पाटीवर चिठ्ठी, चाळणीत माती, चाळण झुलायची. आधी दिराचा वाळू-सिमेंट. मग विटांचे तुकडे. मग भिंतीच्या पायाचा चुना. आणि गुरुवारी दुपारी, पायाच्या दगडांच्या खालून, काळी, घट्ट, तुडवलेली माती निघाली. पायांनी तुडवून तुडवून चामड्यासारखी झालेली. कुणाची तरी जमीन. खोलीची.

आतून मॅडमचा आवाज आला, "मावशी! येऊन बघा नुसतं. लांबून."

तारवाली दारात उभी राहिली, हात पाठीमागं बांधून. खिडकीच्या अंगाला, दोन हातांच्या जागेत, काळ्या मातीत पांढऱ्या दांड्यांचा खच पडला होता. प्रत्येकीशेजारी चिठ्ठी. कुणी तरी त्याच जागी बसायचं, उजेडाकडं तोंड करून, वर्षानुवर्षं, आणि मोडलेला पाइप बसल्या जागेवरूनच टाकायचं. एक्केचाळीस तुकडे. टाच नव्हती, कंगवा नव्हता, एकावरही खूण नव्हती.

"खूण नाही मग काही नाही," तारवाली पुटपुटली.

"थांबा," मॅडम म्हणाली. तिनं खोक्यातून ड्रिलच्या बारीक सुयांचा संच काढला आणि एकेका दांडीच्या भोकात सुई घालून बघायला लागली. "जुन्या पाइपांचं भोक मोठं असतं. जसजसा काळ गेला तसं बारीक होत गेलं. एका तुकड्यावरून सांगता येत नाही, पण चाळीस असले की चांगलं सांगता येतं."

"मॅडम, ही तुमची सुई म्हणजे आमची तार," तारवाली म्हणाली. "जाड तारा त्या खिळ्यावरच्या साच्यांबरोबर टांगलेल्या असायच्या. आम्ही त्या वापरल्याच नाहीत." पोरपणाची पाच वर्षं आतून तार घातली, आणि आतलं ते भोकच बोलायला लागलं. तिला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

बहुतेक सगळ्या दांड्यांत जाड सुई गेली. काही दांड्या ओढायच्या टोकाला दातांनी झिजल्या होत्या. "दोन्ही हात कामात असायचे," मॅडम म्हणाली. "पाइप दातातच धरलेला."

लेक आईच्या मागं येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही. तिनं ती झिजलेली दांडी पाहिली. जीभ नकळत स्वतःच्या दातावरून फिरली. मग चाळणीशेजारी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

आणि तेव्हाच बूटसाहेब बोलला. आवाज चांगला चढवून, गल्लीला ऐकू जाईल असा. "मॅडम, हे नोंदवून घ्या. या बाईच्या घरात बिस्किटाचा डबा भरून असले तुकडे आहेत. माझ्याकडं फोटो आहे. घर तिचं, डबा तिचा, आणि खड्डा तिच्याच खिडकीखाली. आम्ही काय दूधखुळे आहोत?"

दीर हातोड्यासकट उठला. इस्त्रीवाल्यानं त्याला मागून धरलं. तारवालीच्या कानशिलात रक्त चढलं, हात उठला, आणि तिनं तो दुसऱ्या हातानं दाबून धरला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"डबा आहे," ती म्हणाली. "तुकडे मोजा हवे तर. पण मला पेरायचं असतं साहेब, तर काल सकाळी कंगवा माझ्या खिशात होता. भोकही होतं. मॅडम, वाचून दाखवा यांना."

मॅडमनं वही उघडली आणि बुधवारचं पान वाचलं. सही, तारीख, वेळ. मग म्हणाली, "हिच्या हातात तुमची सगळी जमीन होती, आणि हिनं ती नको म्हणून माझ्यासमोर ठेवली. त्याच बाईनं दुपारी फरशीखाली, चुन्याच्या अखंड थराखाली, एक्केचाळीस तुकडे पेरले, असं तुम्हाला लिहून द्यायचंय का? द्या. मी जोडते अहवालाला."

बूटसाहेबानं मोबाइल खिशात घातला. लिहून काही दिलं नाही.

शुक्रवारी अहवाल गेला. दोन महिन्यांनी निकाल आला: वस्ती भिंतीच्या आधीची. गल्लीत आरडाओरडा, पेढे, रडारड. इस्त्रीवाल्याच्या घरात तोवर पोर झालं होतं, ते या सगळ्यानं घाबरून किंचाळत होतं. दिरानं वहिनीच्या पाया पडायचं नाटक केलं आणि तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पण निकालाच्या आधीच, तिसऱ्या आठवड्यात, नगरपालिकेचा इंजिनिअर येऊन गेला होता. त्यानं तारवालीच्या खोलीतला खड्डा पाहिला, पायाचे उघडे पडलेले दगड पाहिले, भिंतीला खिडकीपासून वर गेलेली नवी चीर पाहिली. दारावर लाल रंगानं फुली मारली आणि नोटीस दिली: खोली राहण्यास धोकादायक, तात्काळ खाली करावी. बावीसपैकी एकवीस घरं आपापल्या जागी बसून नव्या इमारतीची वाट बघणार होती. बाविसावं घर दिराच्या ओट्यावर, पत्र्याखाली आलं. तिथं उजेड कमी, म्हणून लेक डोळे बारीक करून कॉलर शिवायची. सासू म्हणायची, "राहा की, तुमचंच आहे," आणि दर वेळी 'तुमचंच' वर इतका जोर द्यायची की राहणं जड व्हावं. नवी इमारत कधी, हे कुणी सांगत नव्हतं. गल्लीतली माणसं भेटली की आधी आभार मानायची आणि मग नजर चुकवायची. आमच्याकडं राहा, असं मात्र दिराशिवाय कुणी म्हटलं नाही.

"पस्तावलीस?" लेकीनं एकदा विचारलं.

"रोज," तारवाली म्हणाली. "पण कशाबद्दल ते रोज वेगळं असतं."

खड्डा बुजवायला मॅडम स्वतः आली. त्यांची एक रीत असते. बुजवण्याआधी तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि त्यावर आजच्या काळाची, साल असलेली एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे पुढं शंभर वर्षांनी कुणी खणलं तर त्याला कळावं की इथं आधी खणलं गेलंय, आणि कधी.

"नाणं टाकते मी नेहमी," मॅडम म्हणाली. "पण खोली तुमची. तुम्ही सांगा काय ठेवायचं."

तारवाली दिराच्या ओट्यावर गेली, पेटीतून इंजिनिअरची नोटीस घेऊन आली. झेरॉक्स काढून ठेवली होती, ही मूळ प्रत होती. प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंड मेणबत्तीनं वितळवून बंद केलं, आणि शिवणीवरून एकदा अंगठा फिरवला.

"हे?" मॅडम म्हणाली.

"खोलीचा नंबर, माझं नाव, तारीख आणि सरकारी शिक्का, हे सगळं एकाच कागदावर असलेलं मला आयुष्यात एवढंच मिळालंय," तारवाली म्हणाली. "तेही बाहेर काढायला."

ती खाली उतरली. खिडकीच्या अंगाला, त्या दोन हातांच्या जागेत, तिनं पिशवी ठेवली. शिक्का वर येईल अशी.

"मोजमाप घ्या मॅडम," ती म्हणाली. "आणि फोटो. मी हात काढल्यावर."